जपानी भाषा येत नसताना जपानी विनोदवीरांचे अलीकडे गाजलेले कोणते प्रयोग पाहावेत?

जपानमध्ये गेल्या काही वर्षांत कोणते विनोदी प्रयोग आणि कोणती पालुपदे गाजली, आणि भाषा येत नसेल तर त्यांत हसण्यासारखे काही हाती लागते का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात जपानी शिकवते आणि वर्गात हे प्रयोग वरचेवर दाखवते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. जपानी विनोदाचा कणा म्हणजे मान्झाई, अर्थात दोघांनी मायक्रोफोनसमोर उभे राहून केलेला संवाद. त्यातला एक वेडेवाकडे बोलतो, त्याला बोके म्हणतात. दुसरा त्याला टोकतो, तो त्सुक्कोमी. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची आणि त्याच्यासमोर उभ्या असणाऱ्याची आठवण होणे साहजिक आहे, परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. सोंगाड्याचे वाकडे उत्तर पडते आणि तिथेच हशा उसळतो. मान्झाईत मात्र बरेचदा टोकणाऱ्याचे वाक्य पडल्याखेरीज प्रेक्षक मोकळेपणाने हसत नाहीत. वेडेपणा नेमका कुठे आहे, याच्यावर तो बोट ठेवतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की, नजर वेडेपणा करणाऱ्यावर न ठेवता टोकणाऱ्यावर ठेवावी. अलीकडे जे काही खरोखर नवे घडले, ते बहुतांशी त्याच्याच बाजूने घडले आहे.

एम-वन ग्राँप्री ही मान्झाईची सर्वांत मोठी स्पर्धा. 2001 मध्ये ती सुरू झाली, मध्ये काही वर्षे बंद होती आणि 2015 पासून पुन्हा दर डिसेंबरात होते. जोडी जमून 15 वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, अंतिम फेरीत प्रयोगाला चार मिनिटे आणि विजेत्यांना एक कोटी येन, असा साधारण नियम आहे.

2019 च्या अंतिम फेरीत मिल्क बॉय या ओसाकाच्या जोडीने 700 पैकी 681 गुण मिळवले. इतके गुण त्याआधी कोणालाही मिळाले नव्हते. प्रयोगाची मांडणी ऐकायला अगदी साधी वाटते. कोमाबा सांगतो की, आईला न्याहारीचा एक पदार्थ फार आवडतो, पण तिला त्याचे नाव आठवत नाही. उत्सुमी म्हणतो, मग खुणा सांग, मी ओळखतो. कुरकुरीत, गोडसर, वाडग्यात दूध घालून खायचे. "मग ते कॉर्नफ्लेक्सच की!" पण आई तर म्हणते, मरणाआधीचे शेवटचे जेवण म्हणून तोच पदार्थ चालेल. "मग ते कॉर्नफ्लेक्स नव्हे!" आयुष्याच्या शेवटी कोणी कॉर्नफ्लेक्स मागेल का, आयुष्य अजून पुष्कळ उरले आहे म्हणूनच माणूस ते खाऊ शकतो, असे उत्सुमीचे म्हणणे. पुढची खूण अशी की, खोक्यावरच्या पोषणाच्या आलेखातला पंचकोन भलताच मोठा आहे. तेव्हा पुन्हा कॉर्नफ्लेक्स. हा पदार्थ खाताना कोणाचे आभार मानावेत ते कळत नाही, असे आई म्हणते. तेव्हाही कॉर्नफ्लेक्सच, कारण ते पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा काही डोळ्यांसमोर येत नाही, येतो तो खोक्यावरचा, हाताची घडी घातलेला वाघ. बौद्ध भिक्षू तपश्चर्येच्या काळात तो खात असत, असे निघाल्यावर मात्र उत्सुमी खवळतो. कॉर्नफ्लेक्स म्हणजे सकाळी सकाळी कष्टाविना पोट भरण्याची हाव, आणि लोक त्या हावेवर दूध ओतून खातात, हे त्याचे वाक्य मला या सबंध प्रयोगातले सर्वांत सुंदर वाटते.

येथे बोके जवळजवळ वेडेपणा करतच नाही. तो आईचा निरोप्या आहे. होय आणि नव्हे यांच्यामध्ये येरझारा घालतो तो टोकणारा, आणि प्रत्येक फेरीला कॉर्नफ्लेक्सबद्दलचा त्याचा पूर्वग्रह थोडा अधिक उघडा पडतो. "नव्हे" म्हणायच्या आधी त्याच्या तोंडी "होना" हा शब्द येतो. तो ओसाकाच्या बोलीतला. प्रमाण जपानीत "मग" म्हणतात त्या जागी तो येतो, जसा आपल्याकडे बोलींत "मंग" येतो. भाषा येत नसली तरी या "होना"कडे कान ठेवावा. तो आला की, आता पलटी बसणार हे दोन-तीन फेऱ्यांत आपसूक कळू लागते, आणि तेवढ्यावरही हसू येते.

त्याच रात्री तिसऱ्या आलेल्या पेकोपा या जोडीने टोकण्याची रीतच उलटी केली. शूपेई टॅक्सीचालक होऊन शोइन्जीला धडक देतो. शोइन्जी ओरडतो, "कुठं बघून गाडी चालवतोस!" आणि त्याच दमात पुढे म्हणतो, "असं ओरडता येतंय, म्हणजे मी सुखरूप आहे, बरं झालं." पुन्हा धडक बसते. दोनदा बसली त्या अर्थी मीच रस्त्यात उभा असेन, आता दुसऱ्याला दोष देणे थांबवू या, असे तो म्हणतो. टोकायला तोंड उघडायचे आणि वाक्य संपेपर्यंत समोरच्याला समजून घ्यायचे, अशी ही रचना आहे. कोणालाही न दुखावणारा विनोद म्हणून त्या वर्षी तिचे फार कौतुक झाले. मला ते कौतुक रास्त वाटते, पण अपुरेही वाटते. डोक्यात चापट मारून टोकण्याची सवय असलेल्या कलेत, न टोकतासुद्धा वाक्याचा ठोका नेमका पाडणे ही कारागिरी आहे. नुसता चांगुलपणा तेथे पुरला नसता.

पुढच्या वर्षी, 2020 मध्ये, माजिकल लव्हली विजयी झाले आणि वाद पेटला. नोदा क्रिस्टल म्हणतो की, त्याला आगगाडीत वरून लोंबणाऱ्या पट्ट्याच्या कडीला धरून उभे राहायचे नाही. आणि मग गाडी अशी काही हेलकावे खाते की, उरलेला बहुतेक वेळ तो एक अक्षरही न बोलता रंगमंचावर लोळत, आपटत राहतो. मुराकामी मायक्रोफोनपाशी उभा राहून जे दिसते ते बोलत जातो. दोघांत संवादच नसेल तर याला मान्झाई म्हणावे का, यावर जपानमध्ये वाद झाला. माझ्या मते म्हणावे. एक शरीराने बोलतो, दुसरा शब्दांनी उत्तर देतो, आणि मुराकामीचा आवाज बंद करून पाहिले तर हशा निम्म्याहून कमी उरतो. भाषा न येणाऱ्याला मात्र हा प्रयोग जवळजवळ संपूर्ण कळेल. 2021 चे विजेते निशिकिगोई यांचेही तसेच आहे: 50 वर्षांचा हासेगावा मोठ्याने "कोन्निचिवा" म्हणून ओरडतो, वातानाबे त्याच्या तुळतुळीत डोक्यावर चापट मारतो, आणि दोघांमधली माया तेवढ्यावरून कळते.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत मजेदार गोष्ट मात्र तोनिकाकु आकारुई यासुमुरा याची आहे, आणि तो एकटाच असतो. आखूड चड्डीवर येऊन तो अशा बेताने उभा राहतो की अंगावर काहीच नाही असे वाटावे, आणि मग सरळ होऊन म्हणतो, "काळजी करू नका, घातली आहे." हे पालुपद जपानमध्ये 2015 साली इतके गाजले की त्या वर्षीच्या सर्वाधिक चर्चेतल्या शब्दप्रयोगांच्या दहात आले. 2023 मध्ये त्याने ब्रिटन्स गॉट टॅलेंटमध्ये तेच इंग्रजीत म्हटले, पण कर्म गाळून. इंग्रजीत ते वाक्य अधांतरी राहते, म्हणून परीक्षक आणि प्रेक्षक स्वतःच "पँट्स!" असे ओरडून ते पुरे करू लागले. टोकणारा जोडीदार नव्हता; त्याची जागा सगळ्या सभागृहाने घेतली, आणि यासुमुरा अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

जपानीत हे कर्म गाळता येते, कारण कमरेखाली घालायच्या कपड्यांसाठी "हाकु" हे वेगळे क्रियापद आहे. शर्टासाठी "किरु", टोपीसाठी "काबुरु". क्रियापदच सांगून टाकते की गोष्ट कुठली आहे. वर्गात मी मुलांना विचारले की, हे मराठीत कसे म्हणाल. मागच्या बाकावरून एक मुलगी क्षणात म्हणाली, "घातलीय!" चड्डी हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, तरी वर्ग हसला, कारण आपल्याकडे ते काम स्त्रीलिंगाने केले. इंग्रजीला जे जमले नाही ते जपानीने क्रियापद निवडून साधले आणि मराठीने प्रत्यय लावून.

म्हणून आपण सुरुवात यासुमुरापासून करावी, मग माजिकल लव्हलीची आगगाडी पाहावी, आणि त्यानंतर उपशीर्षके लावून मिल्क बॉय. कॉर्नफ्लेक्सचा प्रयोग शेवटपर्यंत पाहावा; अखेरीस वडील आपले मत देतात की, तो पदार्थ म्हणजे मीठ लावून भाजलेला बांगडा असावा, आणि त्यावर उत्सुमी जे ओरडतो ते समजायला जपानी यायची गरज पडत नाही.