‘परत येणार नाही ना?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : मी नाशिकमधील एका रुग्णालयाच्या कर्करोग बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. निफाडजवळच्या एका शिक्षिकेचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण होऊन दोन वर्षे झाली. तपासणीला आल्या की त्या दारातच विचारतात, ‘सिस्टर, परत येणार नाही ना?’ मी ‘काही होत नाही ताई, चांगले विचार करा’ असे सांगते. त्या गप्प होतात. मग काही दिवसांनी ‘पेट स्कॅन (शरीरभर कर्करोगाचा शोध घेणारी तपासणी) करून घेऊ का?’ म्हणून फोन करतात. डॉक्टरांना वेळ नसतो. मी काय बोलावे?
— एक परिचारिका, नाशिक

उत्तर : आपला हेतू चांगला असला, तरी ‘काही होत नाही’ अशी हमी कोणालाच देता येत नाही आणि हे त्या बाईंनाही कळते, म्हणून त्या गप्प होतात. आजार उलटण्याची भीती उपचार संपल्यावर अनेकदा वाढते, कारण तोवर रोज कोणी ना कोणी लक्ष ठेवून असते आणि मग एकाएकी सहा महिन्यांनंतरची तारीख हाती पडते. ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या प्रमाणात असतेच असे नाही. धोका कमी असलेल्या रुग्णाचीही झोप उडू शकते, आणि तरुण रुग्णांमध्ये ती अधिक आढळते.

तेव्हा आधी विचारावे, ‘ताई, नेमकी कशाची धास्ती वाटते?’ कोणाला मृत्यूची वाटते, कोणाला पुन्हा केमो घेण्याची, कोणाला खर्चाची, तर कोणाला मुलीच्या लग्नाआधी काही होईल याची. आणि यांतील प्रत्येकीला द्यायचे उत्तर वेगळे आहे. त्यानंतर असे म्हणता येईल : ‘परत येणारच नाही, असे मी सांगू शकत नाही. पण कशाकडे लक्ष ठेवायचे आणि शंका आली तर कोणाला फोन करायचा, ते आपण आज ठरवू.’ काखेत किंवा छातीवर नवी गाठ, कमी न होता वाढत जाणारे हाडाचे दुखणे, न थांबणारा खोकला, कारणाशिवाय घटणारे वजन, एवढी लक्षणे कागदावर लिहून द्यावीत. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या हार्मोनविरोधी गोळीने सांधे दुखू शकतात, हे आधीच सांगितलेले नसेल तर सकाळी आखडलेला गुडघासुद्धा हाडात पसरलेला कर्करोग वाटू लागतो.

पेट स्कॅनला नुसता नकार देऊ नये, कारण सांगावे. लक्षणे नसलेल्या स्त्रीसाठी नियमित शारीरिक तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पुरेशी मानली जाते; नेहमीचा स्कॅन केल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही, उलट निरुपद्रवी डागांमुळे बायोप्सी आणि घबराट मात्र वाढते. हे कारण कळले, तर आपल्यावरचा खर्च टाळला जात आहे असा समज होत नाही.

भीती फक्त डॉक्टरांच्या बोलण्यातून वाढते असेही नाही. सोनोग्राफी करताना तंत्रज्ञ मध्येच गप्प झाला, किंवा ‘रिपोर्ट डॉक्टरच सांगतील’ असे खिडकीवरून तुटकपणे ऐकू आले, तर पुढची रात्र कशी जाते ते रुग्णालाच ठाऊक. अहवाल कधी मिळेल तो दिवस सांगावा आणि अहवाल तयार नसला तरी त्या दिवशी फोन करावा. नाशिकचे बरेच रुग्ण परळला टाटा रुग्णालयात उपचार घेऊन पुढील तपासण्या इथे करतात. दोन ठिकाणी दोन गोष्टी ऐकल्या की धास्ती दुप्पट होते, म्हणून तिकडच्या सूचना आपल्या फाइलमध्ये लिहिलेल्या असाव्यात.

‘एवढा वेळ कोठून आणू?’ असे आपल्याला वाटेल. स्कॉटलंडमध्ये स्तनकर्करोगाच्या परिचारिकांनी याच भीतीविषयी फोनवर सुमारे अर्ध्या तासाचे आखीव संभाषण करण्याची पद्धत अजमावली गेली आहे. आपल्याकडच्या गर्दीत तेवढा वेळ प्रत्येकीला मिळणार नाही, पण वारंवार फोन करणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी तो काढणे, मला तरी, रोजच्या पाच-पाच मिनिटांच्या फोनपेक्षा स्वस्त वाटते.

बहुतेक रात्री झोप लागत नसेल, दिवसातून अनेकदा छाती चाचपली जात असेल, किंवा भीतीपोटी तपासणीच टाळली जात असेल, तर मात्र समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. या भीतीवर मानसोपचारांचा उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांशी एकदा बसून ‘परत येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर विभागातील सर्वांनी कोणत्या शब्दांत द्यायचे ते ठरवून घ्या, म्हणजे त्या शिक्षिकेला आपल्याकडून आणि डॉक्टरांकडून एकच गोष्ट ऐकायला मिळेल.