अ‍ॅपच्या स्क्रीनसाठी पहिलीच आयडिया आवडली तरी अजून डिझाइन काढायची खरंच गरज असते का?

हो, काढाच, निदान चार-पाच, आणि कोणालाही दाखवायच्या आधी. एकच डिझाइन हातात असलं की आपण त्याचे वकील होतो, फीडबॅक आला की डोकं लावण्याऐवजी भांडत बसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०१० चा एक प्रयोग आहे, त्यात काहींनी वेब जाहिरातीचे बॅनर एकेक करून सुधारत नेले आणि काहींनी दोन-तीन एकदम काढून मग फीडबॅक घेतला, एकूण बॅनर दोघांचे सारखेच, तरी एकदम काढणाऱ्यांच्या जाहिरातींवर क्लिक जास्त आले. फक्त बटणाचा रंग बदलला तर तो नवा ऑप्शन नाही हं (क्लायंटला तसंच खपवतात बरेच जण). एसटी बुकिंगची स्क्रीन घ्या:
- तारखेपासून सुरू होणारी
- थांब्यांच्या नकाशावरून चालणारी
- उघडल्याउघडल्या ‘मागच्याच गाडीचं तिकीट परत काढा’ विचारणारी

असा फरक पाहिजे. कागदावर पेनानेच काढा, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात की अर्धा तास फॉन्टमध्येच जातो. लॉगिन, ओटीपी असल्या ठरलेल्या स्क्रीनला मात्र एवढा खटाटोप नको, लोकांना सवय आहे तेच ठेवा.