पॅक विकत घेण्याआधी तुमचा स्क्रीनशॉट काळा-पांढरा करून बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गेम खेळायला चांगला आहे, पण मित्र म्हणतात 'दिसायला गिचमिड वाटतो', म्हणून तुम्ही उसने पैसे घेऊन रिअ‍ॅलिस्टिक असेट पॅक (गेमसाठी तयार चित्रांचा संच) घ्यायच्या बेतात आहात. एक मित्र मात्र म्हणतो, 'गेमप्ले महत्त्वाचा, दिसणं दुय्यम'. भाऊ, थोडं थांबा. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

इंजिन, स्प्राइट, अ‍ॅनिमेशन तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. माझा अनुभव मोबाइलवरच्या टू-डी गेमपुरता आहे. मोठ्या स्टुडिओत काम करणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

माझा गेम आमच्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात काळी आणि पिवळी मारबत असे मोठाले पुतळे निघतात, सोबत बडग्यांचे पुतळे निघतात, त्या गर्दीतून एक पोरगा वाट काढतो, एवढाच खेळ. चौदा महिने खपलो. घरं एका पॅकमधली, माणसं दुसऱ्यातली, झाडं तिसऱ्यातली. प्रत्येक वस्तू सुटी बघितली तर देखणी. पोराला केशरी सदरा दिला आणि मागे गुलाल, पताका, पिवळ्या भिंती. घरी पडदे लावून, मोठ्या मॉनिटरवर ते सगळं झकास दिसायचं. मग नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, एक दिवस बर्डीच्या बाजारात चहाच्या टपरीजवळ ओळखीच्या एकाला त्याच्याच साध्या फोनवर खेळायला दिला. त्याने स्क्रीनवर हाताचा आडोसा धरला, थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "यात मी कोणता?"

तिथेच थांबायला हवं होतं. पण ज्या संस्थेत मी शिकलो होतो तिथे दाखवायला गेलो. नाव घेत नाही. तिथल्या सरांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. लॅपटॉपवर बघून म्हणाले, टेक्स्चरचं (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचं) डिटेल वाढव, सावल्या वाढव, आजकाल रिअ‍ॅलिझम चालतो. मी ऐकलं. सगळी टेक्स्चर ४०९६ बाय ४०९६ ची केली. असं एक टेक्स्चर कॉम्प्रेस न करता मेमरीत ६४ एमबी घेतं, हे त्या वर्गात कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गेम साध्या फोनवर बंद पडू लागला आणि पोरगा पहिल्यापेक्षाही जास्त हरवला. तीन महिने आणि साठवलेले सगळे पैसे गेले. फी घेऊन फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवायची आणि बघायचं कसं ते शिकवायचंच नाही, याचा राग मला अजून आहे.

उत्तर मिळालं चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत. गणपतीचे दिवस जवळ आले होते. एक मूर्तिकार काका दर थोड्या वेळाने ब्रश ठेवून रस्त्याच्या पलीकडे जायचे आणि डोळे किलकिले करून मूर्तीकडे बघायचे. विचारलं तर म्हणाले, "लोक मंडपात लांबूनच पाहतात ना, मंग मी जवळून पाहून काय करू?" घरी येऊन स्क्रीनशॉट ग्रेस्केल, म्हणजे काळा-पांढरा केला. केशरी सदरा आणि गुलाल, दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघाले. रंग वेगळे होते, उजेड-अंधार सारखाच होता. उन्हात फिकट पडलेल्या स्क्रीनवर डोळा तेवढाच फरक धरतो.

म्हणून 'गेमप्ले महत्त्वाचा, दिसणं दुय्यम' हे तुमच्या मित्राचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. कुठे बघायचं, कशाला घाबरायचं, कुठे उडी मारायची, हे खेळणाऱ्याला चित्रच सांगतं. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओला मिशी आली, कारण तेवढ्या पिक्सेलांत तोंड काढता येत नव्हतं. केस टाळायला टोपी आली आणि हात हलताना दिसावेत म्हणून ओव्हरऑल. 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये (२००७) प्रत्येक पात्र नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू येतं, आणि पायाकडे गडद, छातीकडे उजळ असं रंगवल्यामुळे नजर हातातल्या शस्त्राकडे जाते. 'लिंबो'मधला (२०१०) मुलगा पूर्ण काळा, फक्त डोळे पांढरे. आपल्या पुण्यात बनलेल्या 'राजी'ने (२०२०) पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या घेतल्या, आणि तो गेम दुसऱ्या कुठल्या गेमसारखा वाटत नाही. आपली मारबतही बघा ना. एवढ्या गर्दीत दुसऱ्या टोकावरून कळतं, काळी कोणती आणि पिवळी कोणती.

मी शेवटी गर्दी फिकट निळसर करडी केली, भिंतींचं डिटेल काढून टाकलं आणि केशरी रंग फक्त पोरासाठी राखला. पताकासुद्धा बदलल्या. नवीन काहीच विकत घेतलं नाही. तीन वेगवेगळ्या पॅकमधली चित्रं एका पॅलेटमध्ये (ठरावीक रंगांच्या संचात) बसवल्यावर एकाच हातची वाटू लागली. तुमच्या गेमला हेच लागू पडेल असं छातीठोक सांगत नाही. भुताटकीचा गेम असेल तर पात्र मुद्दाम अंधारात मिसळावंही लागतं.

जाता जाता आयकॉनचंही सांगतो. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ चा द्यावा लागतो, पण लोकांना तो नखाएवढाच दिसतो. त्यात गेमचं नाव आणि चार पात्रं कोंबू नका, एक चेहरा पुरे.

उसने पैसे तूर्त घेऊ नका. दुपारी एकच्या उन्हात, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, गेम न खेळणाऱ्या कुणाला तरी तो द्या आणि तोंडातून शब्द न काढता बघत राहा. आईला किंवा काकूंना दिला तर उत्तम. मग तीन स्क्रीनशॉट ग्रेस्केल करून इथे टाका, रविवारी निवांत बसून बघतो.