वाचकांचे प्रश्न : लग्नाचा कायदा आणि राजकारणावरचा विश्वास

प्रश्न : युरोपात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तिथे या जोडप्यांचा राजकारणावरचा विश्वास वाढला, असं म्हणतात. हे मोजतात कसं? आपल्याकडे तसं होईल का?

उत्तर : नेहमीचा आधार म्हणजे युरोपियन सोशल सर्व्हे. २००२ पासून दर दोन वर्षांनी १५ वर्षांवरील लोकांना संसद, न्यायव्यवस्था, पोलीस, राजकारणी यांच्यावर किती विश्वास आहे ते विचारतात. गुण ० ते १०.

खरी मेख जोडपी ओळखण्यात आहे. घरातल्या माणसांच्या यादीत उत्तर देणाऱ्याचं आणि जोडीदाराचं लिंग एकच असेल, तर ते जोडपं समलिंगी धरतात. एकटे राहणारे आणि नातं लपवणारे यात सुटतात. शिवाय नोंदीच्या चुका. समजा ८०० जोडपी आहेत, त्यांत खरी समलिंगी फक्त ८. उरलेल्या ७९२ मध्ये शंभरात एका ठिकाणी लिंगाची खूण चुकली, तरी ८ खोटी जोडपी आत येतात. मग खरा फरक निम्माच दिसतो! म्हणून अनेक वर्षांची, अनेक देशांची माहिती एकत्र करावी लागते.

विवाहाला मान्यता देणारा डेन्मार्क आणि न देणारा हंगेरी, अशी नुसती तुलना करू नका. मान्यता देणाऱ्या देशांत मुळातच सगळ्यांचा विश्वास जास्त असू शकतो. त्याच देशातल्या इतर जोडप्यांशी असलेली तफावत कायद्याआधी किती होती आणि नंतर किती राहिली, ते पाहा. नेदरलँड्स इथे निरुपयोगी : तिथला कायदा १ एप्रिल २००१ चा, म्हणजे ‘आधी’चा आकडाच नाही. जर्मनीत विवाह २०१७ चा, पण नोंदणीकृत सहजीवन (विवाहाऐवजी नात्याची कायदेशीर नोंद) २००१ पासूनच होतं, म्हणून तिथलाही ‘आधी’चा आकडा निखळ नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनीच बाजूने कौल दिला; मग वाढलेल्या विश्वासाचं श्रेय राजकारण्यांना द्यायचं की शेजाऱ्यांना?

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारून प्रश्न संसदेकडे सोडला. त्यामुळे इथे न्यायालयावरचा आणि संसदेवरचा विश्वास वेगवेगळा विचारायला हवा. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. पण ते परिपत्रक आहे, कायदा नव्हे. आणि नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी नाही. वारसांचा दावा उभाच राहतो. जोडीदारालाच पैसे मिळावेत असं वाटत असेल, तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करावं. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी.