पुढच्या चाकांतली खटखट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा): पेट्रोल हॅचबॅक आहे, सात वर्षं जुनी, ६८,००० कि.मी. झालेली. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू चालवताना पुढून डावीकडे खट-खट वाजतं. गतिरोधकावर मात्र काही नाही. गॅरेजमध्ये दोन्ही शॉकअप बदलले, आवाज तसाच. आता स्टेरिंग बॉक्स बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: तो खर्च आत्ताच थांबवा. 'गतिरोधकावर काही नाही' असं तुम्ही लिहिलंय, खरी खूण तीच आहे. गतिरोधक सरळ घेतला की पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, त्यामुळे स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारी, वळणावर गाडीचं झुकणं रोखणारी आडवी दांडी) पीळ बसत नाही आणि तिच्या टोकांना असलेल्या लिंक रॉडवर जोर येत नाही. खड्ड्यात एकच चाक उतरतं. मग बार पिळली जाते आणि लिंक रॉडचा छोटा बॉल जॉइंट (वाटीत गोळा फिरणारा सांधा) झिजलेला असेल तर दर खड्ड्याला वाजतो. तोच गतिरोधक एकदा तिरका घेऊन पाहा, एक चाक आधी, दुसरं नंतर. वाजलं तर संशय लिंक रॉडवरच.

तपासताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. बरेच जण एकच चाक जॅकवर घेऊन तपासतात आणि तिथेच फसतात, कारण तेव्हा बार ताणलेली असते आणि ढिला जॉइंटही हाताला घट्ट लागतो. तरीही कळलं नाही तर दोन्ही लिंक रॉड काढा, बारची टोकं कुठे आपटणार नाहीत अशी बांधा आणि त्याच रस्त्यावर ताशी २० कि.मी.च्या आत एक फेरी मारा. आवाज गेला तर निकाल लागला. या अवस्थेत वळणावर गाडी जास्त झुकते, तेव्हा हमरस्त्यावर नेऊ नका.

नट सोडवताना आतला स्टड सोबत फिरतो. त्याच्या टोकाला बहुधा ॲलन-कीची खाच असते, ती धरून नट फिरवायचा. गंजून खाच गेली असेल तर नट सरळ कापा, जुना रॉड टाकायचाच आहे. रॉड दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

लिंक रॉड ठीक निघाले तर शॉकअपच्या कामाकडेच परत पाहावं लागेल. नव्या शॉकअपवर माउंट (शॉकअपच्या डोक्यावरची रबरी बैठक) जुनाच चढवला का, वरचा नट पुरता कसला का, हे गॅरेजला विचारा. बॉनेट उघडून माउंटवर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला गाडीचा कोपरा दाबून सोडायला सांगा. ढिलेपणा असेल तर टक हाताला जाणवते. आणखी एक सोपी चाचणी: रिकाम्या रस्त्यावर खड्डे घेताना ब्रेक हलकेच दाबून ठेवा. तेवढ्यापुरती खटखट थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना ढिल्या आहेत, सस्पेन्शनचा काही दोष नाही.

प्रश्न (नागपूर): चाक जॅकवर घेऊन हलवलं तर खेळ (ढिलेपणा) लागतो. एक मिस्त्री बेअरिंग म्हणतो, दुसरा बॉल जॉइंट. कोणाचं खरं?

उत्तर: दोघांनाही चाक नीट धरायला सांगा. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी नुसत्या जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर हवी. आता घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी चाक धरून आतबाहेर हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमध्ये आवळली जाते, त्यामुळे बेअरिंगचा खेळ दबतो. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनच्या दांड्याशी जोडणारा सांधा. ९ आणि ३ च्या जागीच खेळ असेल तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक एन्ड, म्हणजे स्टेरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांडीचा बाहेरचा किंवा आतला सांधा. टाय रॉडच्या जॉइंटवर बोटं ठेवून दुसऱ्याला स्टेरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायला लावलं की नेमका कुठला ते कळतं.

बॉल जॉइंट निघाला तर 'पुढच्या महिन्यात बघू' चालणार नाही. तो निखळला की चाक बाहेर लवंडतं आणि गाडी हातात राहत नाही. टाय रॉड एन्ड बदलताना जुना किती आट्यांनी निघाला ते मोजा आणि नवा तितक्याच आट्यांनी बसवा, म्हणजे गाडी अलाइनमेंटपर्यंत तरी सरळ जाईल. पण अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायलाच हवी. खाचांचा नट असेल तर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालतात ती) नवी घाला, आणि भोक जुळवायला नट सैल करू नका, थोडा पुढेच आवळा.

प्रश्न (सोलापूर): पाऊस पडला की पुढची कुरकुर बंद, ऊन पडलं की सुरू. ऑइल सोडू का?

उत्तर: निदान अर्धं तुम्हीच केलंत, वाजतंय ते रबर. कुंडीला पाणी मारायचा फवारा घ्या. एकाने गाडीचा पुढचा कोपरा दाबत राहायचं, दुसऱ्याने एका वेळी एकाच बुशवर (सांध्यातल्या रबरी तुकड्यावर) पाणी मारायचं: आधी स्टॅबिलायझर बारचे बुश, मग लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा). ज्यावर पाणी पडताच आवाज दबला, तोच बुश. ऑइल किंवा डिझेल सोडलं तर आठवडाभर शांतता मिळेल, पण रबर फुगून मऊ पडेल. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, आणि तेही स्टॅबिलायझर बारच्या बुशला. आर्मचा बुश फाटला असेल तर बदलाच.

तो बदलताना होणारी चूक फार सर्रास आहे. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी हलके लावून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायला सांगा, आणि समोर उभे राहा.

प्रश्न (पुणे): यू-टर्न घेताना कट-कट-कट. सरळ चालवताना काही नाही.

उत्तर: पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल, रबरी बूट फाटलेला असेल. बूट फाटल्याचं आवाजाआधी लक्षात आलं तर नवा बूट आणि ग्रीसवर भागतं. एकदा कटकट सुरू झाली की जॉइंटच बदलावा लागतो.

प्रश्न (कोल्हापूर): मोटरसायकलचा पुढचा ब्रेक मारला की हँडलमध्ये 'टक'. मिस्त्रीने कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आवळला, आता गाडी सरळ चालत नाही, डोलते.

उत्तर: गरजेपेक्षा जास्त आवळला गेलाय. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला. हँडल मधोमध सोडून हलकासा धक्का दिला की ते आपल्या वजनाने एका बाजूला जायला हवं. अडकलं तर कोनसेट घट्ट आहे. उलट चाचणी अशी: गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबा, गाडी मागेपुढे ढकला आणि बोटं हँडलखालच्या सांध्यावर ठेवा. तिथे टक जाणवली तर ढिला. दोन्हींच्या मधली जागा सापडली पाहिजे. हँडल सरळ असताना खाचेत बसल्यासारखं अडखळत असेल तर कोनसेटच्या गोळ्यांनी बाउलमध्ये (त्या फिरतात त्या वाटीत) खळगे पाडलेत. मग कितीही आवळा-सैल करून उपयोग नाही, अख्खा कोनसेट बदला. जुन्या बाउलमध्ये नुसत्या नव्या गोळ्या घालू नका.