सगळीकडे 'भयानक' नको
इंग्रजीतून मराठीत अनुवादाला बसलीस की दिसेल त्या भीतीला 'भयानक' लावून मोकळी होऊ नकोस. मीही सुरुवातीला तेच करायचो. 'टेरिफिक'चं 'भयंकर' करून एका फलंदाजाच्या सुंदर खेळीची पार वाट लावली होती! आज 'टेरिफिक'चा अर्थ 'झकास'. 'टेरिबल' मात्र वाईटच राहिलं. (आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की.)

'हॉरर'च्या मुळाशी लॅटिनमधलं केस ताठ उभे राहणं आहे, म्हणून तिथे 'अंगावर काटा' चपखल बसतो. 'हॅरोइंग'चं तसं नाही. हॅरो म्हणजे नांगरटीनंतर ढेकळं फोडणारं दातेरी अवजार. ते मनावरून फिरल्यासारखं वाटतं, निर्वासितांची हकीकत ऐकताना वाटतं तसं. तिथे 'थरारक' लिहिलंस तर घात झाला. 'काळीज पिळवटणारं' लिही.

'ऑर्डील' तर आयतंच आपलं. मध्ययुगीन इंग्लंडात तापलेलं लोखंड हातात धरायला लावून दोषी कोण ते ठरवत. आपल्याकडे त्यालाच दिव्य म्हणत. 'ती दिव्यातून गेली' लिहून मोकळी हो.

'ट्रॉमा' म्हणजे मूळ ग्रीकमध्ये जखम. पण हल्ली बस चुकली तरी लोकांना ट्रॉमा होतो. तिथे 'वैताग' पुरे.