जवळच्या मैत्रिणीसोबत बेटावर जाऊन फक्त आराम करायचा आहे. एजंटने अंदमानचा सहा रात्रींचा कार्यक्रम दिलाय. घ्यावा का?

अंदमानला जरूर जा. कार्यक्रम घेऊ नका, आणि घेतलाच असेल तर त्यातला अर्धा पेनाने खोडा.

तुम्ही लिहिलंय की दोघींना नुसतं समुद्रकाठी पडून राहायचंय, पोरं-नवरे घरी. आमचं अगदी हेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी सोलापूरची, बँकेत नोकरीला. मैत्रीण सहावीपासूनची. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर आमच्या लक्षात आलं की पस्तीस वर्षांच्या मैत्रीत आम्ही दोघीच अशा कुठे गेलोच नाही. अक्कलकोट, तुळजापूर सोडून. पाणी म्हणावं तर सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव. पोहता दोघींनाही येत नाही.

मार्चमध्ये बँकेत सुट्टीचं नाव काढायची सोय नसते, म्हणून सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यावर फेब्रुवारी धरला. हंगामाच्या दृष्टीनेही तो बरा निघाला. तिकडे मे-जूनपासून पावसाळा, आणि आपला पाऊस परतीला लागला तरी त्यांचा आणखी काही आठवडे चालतो. डिसेंबर ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथे एक मुक्काम, सकाळचं विमान. हवेत दोन तासांच्या थोडं वर. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, आणि आम्ही राहिलो त्या हॅवलॉक बेटाचं २०१८ मध्येच स्वराज द्वीप. पण जेटीवर, रिक्षात, हॉटेलात जुनीच नावं ऐकू येतात, गोंधळू नका. भारतीयांना या मुख्य बेटांसाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र दर बोटीला दाखवावं लागतं.

आता कार्यक्रमाचं. आमच्या एजंटने जो कागद दिला होता त्यावर सहा रात्रीत अकरा ठिकाणं होती. एका दिवशी सकाळी एलिफंट बीच, दुपारी राधानगर (दोन्ही हॅवलॉकचे किनारे), संध्याकाळच्या बोटीने नील बेट. दुसऱ्या एका दिवशी बाराटांग बेटावरच्या गुहा, त्यासाठी पहाटे तीनला निघायचं. शिवाय त्या रस्त्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा जातो. फोटो काढायला बंदी आहे हे खरं, पण कुणाच्या अंगणातून रोज असा ताफा न्यायचा हेच मला पटलं नाही. ते आम्ही सोलापुरातच खोडलं. बाकीचं तिथे गेल्यावर खोडलं, आणि ते महागात पडलं. नीलचं हॉटेल रद्द केल्यावर एजंटने एक रुपया परत दिला नाही. फोनवर 'मॅडम मॅडम' करत राहिला, बस. तुम्ही आधीच खोडा म्हणते ते एवढ्यासाठी. आमचा खर्च ते बुडालेले पैसे धरून माणशी ४० हजारांच्या आतबाहेर गेला.

खोडायचं का ठरलं ते सांगते. हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला पावणेपाचला उठवलं. काळा पत्थरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदय तिथून बघायचा, कागदावर लिहिलेलंच होतं. ती पांघरुणातून म्हणाली, "झोपू दे की गं." मी पुन्हा हाक मारली. तेव्हा उठून बसली आणि म्हणाली, "मी सुट्टीला आलेय, शाळेच्या सहलीला नाही. तू मॉनिटर हायस काय?" मला इतकं लागलं की मी एकटीच स्कूटी काढून गेले. (पेट्रोल भरून ठेवा, बेटावर रांग असते.) सूर्योदय छान झाला असेल. मी सगळा वेळ मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. परत आले तर ही बाहेर खुर्चीत बसून कारखान्याच्या मॅनेजरशी फोनवर, कुठल्यातरी ऑर्डरच्या बॉर्डरचा रंग चुकला म्हणून. मग मीही ऐकवलं. दोघींनी एकमेकींचं सहावीपासूनचं सगळं काढलं. त्या भांडणातूनच ठरलं: सकाळ ज्याची त्याने घालवायची, दुपारनंतर एकत्र, फोन दिवसातून एकदा, आणि हे बेट सोडून कुठे जायचं नाही. चार रात्री एकाच खोलीत.

जवळच्या मैत्रिणीबरोबर जाताय, तर सकाळ वेगळी ठेवायचं आधीच बोलून घ्या. घरी आपण तिला दोन-दोन तास भेटतो, चोवीस तास नाही. ती घोरते हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

तिथल्या घड्याळाचंही आधी समजून घ्या, कारण ते कुणी सांगत नाही. प्रमाणवेळ आपलीच, पण बेटं सोलापूरच्या पूर्वेला सतरा रेखांश. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच बुडतो. फेब्रुवारीत सोलापुरात साडेसहाला मावळतो, तिथे साडेपाचच्या आत. सहाला गुडूप अंधार. आपण जेवायला साडेनऊला बसणारी माणसं; तिथे आठलाच जांभया. पहिल्या दिवशी चार वाजता आरामात चहा घेऊन राधानगरला निघालो आणि पोचेपर्यंत निम्मा सूर्यास्त गेला होता. जेटीपासून दहा-बारा किलोमीटर रस्ता आहे, साडेतीनलाच निघा.

राधानगरबद्दल लोक खूप लिहितात. २००४ मध्ये 'टाइम'ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो मान, मिळाला. मला त्यातलं काय आवडलं सांगू? मागची झाडं. समुद्रमोह म्हणतात तिथल्या त्या उंच झाडांना. जंगल थेट वाळूपर्यंत आलंय, त्यामुळे दुपारी सावलीत आडवं पडता येतं आणि पायाच्या अंगठ्यापलीकडे समुद्र दिसतो. आम्ही चार दिवसांत तीनदा गेलो. तिसऱ्यांदा फोटो काढायचंही सुचलं नाही.

आराम खरा झाला तो मात्र हॉटेलासमोरच्या, नाव नसलेल्या किनाऱ्यावर. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे जातं की नावा वाळूवर कलंडून पडतात. तिथे खेकडे आहेत, शर्टाच्या बटणाएवढे. बिळातून येतात, नांगीने वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून जरा मोठी गोळी करून मागे टाकतात. मग पुढची. बिळापासून निघणाऱ्या गोळ्यांच्या ओळी होतात, चौफेर, अगदी ठिपक्यांची रांगोळी. सावली पडली की क्षणात सगळे आत. आपण हललो नाही तर मिनिटभराने पुन्हा बाहेर. एका दुपारी ती तिथे तासभर उकिडवी बसली होती. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "एकाच ओळीवर चाललाय बघ, धागा कुठे तुटत नाही." भरती आली, सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी नवीन.

हो, भरती-ओहोटी बघून बेत करा. रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे ओहोटीही खोल. तुम्ही नीलला जाणार असाल तर तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच बघता येतो, एजंट वेळ सांगत नाही.

एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग केलं, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. पोहायला न येणाऱ्यांनीही करावं, रबरी रिंग असते आणि माणूस ती धरून ओढत नेतो. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात थोडं खारं पाणी प्यावं लागतं. मासे भरपूर. पण जाहिरातीतली रंगीबेरंगी पोवळी डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. पाणी तापलं की पोवळी पांढरी पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी आता करडीच दिसतात. वाळूत पडलेला पोवळ्याचा तुकडा हिने पर्समध्ये टाकला होता. हॉटेलातल्या पोराने पाहिलं आणि काढायला लावला: मेलेलं पोवळंसुद्धा बेटाबाहेर नेणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅग तपासतात. ते पोरगं चौथ्या पिढीतलं. त्याचं घराणं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून तिथे वसवलेलं. हॅवलॉकवर बरीच वस्ती अशीच आहे. म्हणून जेवणात मासा आणि भात, आणि मोहरीचं तेल. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण चौथ्या दिवशी भाकरी आठवेल.

भाकरीवरून आठवलं. आम्ही पक्क्या सोलापूरकरणी, कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी बांधून नेली होती. कडक भाकरी घरी महिनाभर राहते ना. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर भाकरी सादळून पापडाच्या लाटीसारखी लोंबायला लागली. हवाच तशी ओली. आपला उन्हाळा चाळिशीपार, पण कोरडा, घाम येतो आणि उडतो. तिथे तीस डिग्रीला घाम येतो आणि अंगावरच राहतो. धुतलेले कपडे वाळत नाहीत. सुती जाडजूड काही नेऊ नका. आणि संध्याकाळी वाळूत बसताना पाय झाकून घ्या, सँडफ्लाय म्हणतात त्या बारीक माश्या चावतात. खाजवलं की आठवडाभर पुरतं.

टॉवेलचं सांगायचं राहिलं. हॉटेलात शिरल्या शिरल्या तिने पलंग, खिडकी, समुद्र काही पाहिलं नाही. टॉवेल उचलला, कड उलटी केली, पाईल, म्हणजे वरची धाग्यांची लव, दोन बोटांत चिमटून ओढला आणि म्हणाली, "साडेचारशे जीएसएम. धुऊन धुऊन चारशेवर आलाय." (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम.) मी म्हटलं, आपला आहे का? म्हणाली, "लेबल नाही. पण असं वाटतंय." मग चार दिवस ती अंग पुसताना दरवेळी कड बघायची.

परतताना पोर्ट ब्लेअरला एक दिवस होता, तो सेल्युलर जेलला दिला. आरामाच्या सुट्टीत हे कशाला, असं ती आधी म्हणाली होती. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम, सात बाजूंना सात इमारती, त्यातल्या तीन उरल्यात. सातशेच्या आसपास कोठड्या, प्रत्येकीत एकटा माणूस. चोहीकडे समुद्र, आणि कोठडीतला झरोका इतका उंच की आतल्याला तो दिसू नये. सावरकरांची कोठडी बघायला रांग होती. आम्ही शेजारच्या एका रिकाम्या कोठडीत जरा वेळ उभ्या राहिलो. ती म्हणाली, "आपले चौघे येरवड्यात होते, नाही?" सोलापूरचे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून आम्ही रोज ये-जा करतो आणि ही तारीख आम्हाला आठवली ती तिथे.

हॅवलॉकवरच्या शेवटच्या रात्रीचं सांगते, कारण त्यासाठी तुम्हाला तिथी बघून तिकिटं काढावी लागतील. चंद्र नसताना तिथल्या पाण्यात काही ठिकाणी सूक्ष्म जीव चमकतात. आम्ही हॅवलॉक सोडायच्या आदल्या रात्री अमावास्या होती. (अमावास्येच्या आसपास प्रवास कसला करतेस, असं आई म्हणालीच. पाण्यात मगरी असतात हे मी तिला सांगितलं नाही. असतात, त्यामुळे खाडीत एकट्या-दुकट्या उतरू नका, पाट्या वाचा आणि तिथला जाणता वाटाड्या घेऊनच जा.) लाइफ जॅकेट घालून दोघी एका कयाकमध्ये, वाटाड्या दुसऱ्यात पुढे. वल्हं मारायला मला जमेना, नाव गोल गोल फिरायला लागली. तिने माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं आणि सरळ नेली. अंधारात मग वाटाड्याने दिवा विझवला. वल्हं पाण्यात जाईल तिथे निळसर ठिणग्या. मी हात घातला तर पाचही बोटं उजळली. ती पाण्याला घाबरते, कंबर तलावाच्या काठापासूनसुद्धा लांब उभी राहते. बराच वेळ बोलली नाही. मग वल्हं आडवं ठेवून तिने हात कोपरापर्यंत आत घातला, बाहेर काढला, थेंब गळून विझेपर्यंत बघितला, आणि पुन्हा घातला.

खोलीवर आल्यावर ती हात न पुसताच झोपली. आमच्या पुढच्या तिकिटांसाठी ती आता पंचांग बघतेय. तुमचं कधीचं ठरतंय?